पुस्तके बांधता बांधता : मायकेल फॅरडे

द्वितीय वर्ष, कला

शालान्त परीक्षा झाली आणि कला शाखेत आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी विज्ञानाला रामराम ठोकला. मागे काय उरले? काही व्याख्या, दोन-चार समीकरणे, प्रयोगवहीच्या डाव्या पानावर पेन्सिलीने काढलेल्या आकृत्या, आणि साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान हे चार मथळे. यांपैकी शेवटचा मथळा, अनुमानाचा, आपल्या कितीतरी शाळांतून फळ्यावरून उतरवून घेतला जातो. प्रयोग व्हायच्या आधीच अनुमान वहीत तयार असते. कधी कधी तर प्रयोग होतच नाही. अनुमान मात्र असतेच. अनुमान म्हणजे काय, ते केव्हा काढावे आणि केव्हा काढू नये, हे ज्याने स्वतः कष्टाने शिकून घेतले आणि मग मुलांना व मोठ्यांनाही जन्मभर शिकवले, अशा एका माणसाचे चरित्र म्हणूनच विज्ञान सोडून दिलेल्यांनी वाचण्याजोगे आहे. तो माणूस म्हणजे मायकेल फॅरडे.

त्याचे नाव आपण ऐकलेले असते ते विजेच्या धड्यात. कोयनेच्या डोंगराच्या पोटातील जनित्रे असोत की सायकलच्या चाकाला घासून दिवा लावणारा डायनॅमो असो, दोन्ही ज्या तत्त्वावर चालतात ते तत्त्व त्याने १८३१ साली शोधून काढले. परंतु त्याच्या शोधांची जंत्री द्यावी असा या लेखाचा हेतू नाही. हा माणूस विचार करायला कसा शिकला आणि इतरांना त्याने विचार करायला कसे शिकवले, एवढेच सांगायचे आहे. तो कोणत्याही महाविद्यालयात शिकला नाही. त्याच्या घरात पूर्वी कोणी शिकलेले नव्हते. ज्यांच्या घरातून पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्यांना तर ही कथा अगदी जवळची वाटावी.

मायकेलचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील जेम्स हे लोहार. उत्तर इंग्लंडमधून कामधंद्यासाठी ते राजधानीकडे आलेले. प्रकृती साथ देत नसल्यामुळे त्यांचा भाता वरचेवर थंड पडे. चार भावंडांत मायकेल तिसरा. १८०१ साली धान्य अतोनात महागले तेव्हा त्याच्या वाट्याला आठवड्याला एक पाव येई, आणि तोच त्याने आठवडाभर पुरवायचा असे. शाळा म्हणावी तर वाचन, लेखन आणि अंकगणित एवढ्यापुरतीच. हे कुटुंब सँडेमनियन नावाच्या एका लहानशा ख्रिस्ती पंथाचे होते. साधे राहावे, एकमेकांच्या अडीअडचणीला धावावे, पैशाचा साठा करू नये, ही त्या पंथाची शिकवण. ती मायकेलच्या अंगी अखेरपर्यंत टिकली.

१८०४ साली, तेरावे वर्ष लागता लागता, तो ब्लँडफर्ड स्ट्रीटवरील जॉर्ज रीबो नावाच्या फ्रेंच पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला. वर्तमानपत्रे गिऱ्हाइकांकडे पोचवायची आणि त्यांची वाचून झाली की परत आणायची, हे त्याचे काम. वर्षभराने रीबोने त्याला पुस्तकबांधणीच्या धंद्यात सात वर्षांच्या कराराने उमेदवार म्हणून घेतले. अशा उमेदवारीसाठी मालकाला पैसे भरावे लागत. मुलाची इमानदारी पाहून रीबोने ते घेतले नाहीत.

दुकानात बांधणीसाठी पुस्तके येत. हातात सुई-दोरा आणि समोर उघडे पान. मायकेल बांधता बांधता वाचू लागला. विश्वकोशाचा एक खंड बांधायला आला होता, त्यात विजेवरचा लेख होता. जेन मार्सेट या बाईंनी लिहिलेले रसायनशास्त्रावरील संवादांचे पुस्तक असेच हाती आले. या पुस्तकाची रचना मोठी गमतीची आहे. एक शिक्षिका आणि दोन मुली बोलत बसल्या आहेत. मुली शंका काढतात, चुकीची उत्तरे देतात, हट्टाने पुन्हा विचारतात. शिक्षिका प्रयोग दाखवते आणि त्यांनाच उत्तराकडे नेते. तिसरे पुस्तक होते आयझॅक वॉट्सचे, मनाची सुधारणा कशी करावी या विषयावरचे. वही जवळ बाळगावी, व्याख्याने ऐकून टिपणे करावीत, मित्राशी पत्रव्यवहार ठेवावा, चार जण जमून वाद करावा, शब्द नेमके वापरावेत, असा त्याचा उपदेश होता. असा उपदेश आपण सगळेच वाचतो. मायकेलने तो एकेक करून अमलात आणला.

मार्सेटबाईंच्या पुस्तकाच्या बाबतीत त्याने केलेली गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. छापलेले आहे म्हणून त्याने ते खरे मानले नाही, आणि लेखिका रसायनशास्त्राची पंडिता नाही म्हणून खोटेही मानले नाही. तुटपुंज्या पैशांत जेवढे करता येतील तेवढे प्रयोग त्याने दुकानाच्या मागच्या बाजूला करून पाहिले. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे घडते असे दिसले, तेव्हा त्याचा त्या पुस्तकावर विश्वास बसला. म्हातारपणी एका मित्राला लिहिताना त्याने याची आठवण काढली. आपण कल्पनेत रमणारा मुलगा होतो, पण वस्तुस्थिती ताडून पाहण्याची सवय लागली म्हणून वाचलो, असा त्या आठवणीचा आशय आहे. तपासून झाल्यावर ठेवलेली श्रद्धा आणि तपासण्यापूर्वी ठेवलेली श्रद्धा यांतला फरक एका पोऱ्याला पंधरा-सोळाव्या वर्षी कळला होता.

१८१० साली जॉन टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी विज्ञानावर व्याख्याने होत. प्रवेशमूल्य एक शिलिंग. थोरला भाऊ रॉबर्ट वडिलांच्याच धंद्यात, लोहारकामात होता. तो मायकेलला शिलिंग देई. यंत्रांच्या आकृत्या नीट काढता याव्यात म्हणून मायकेल रीबोकडे राहणाऱ्या एका फ्रेंच चित्रकाराकडून यथार्थदर्शन शिकला. टिपणे घरी येऊन पुन्हा सुवाच्य लिहावीत आणि आपल्याच हातांनी त्यांचे ग्रंथ बांधावेत, असा त्याचा क्रम होता. टेटमच्या घरीच त्याला बेंजामिन ॲबट हा मित्र मिळाला. जुलै १८१२ मध्ये मायकेलने ॲबटला पत्र लिहून आपली पहिली विद्युत्‌घटमाला कळवली. सात हाफपेनी नाणी, सात जस्ताच्या चकत्या आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद, एवढ्यावर त्याने एका क्षाराचे विघटन करून दाखवले होते. पुढल्या वर्षी त्याच मित्राला त्याने चांगला वक्ता कसा असावा, व्याख्यान किती वेळ चालावे, प्रयोग कसे मांडावेत यावर लांबलचक पत्रे लिहिली. म्हणजे ऐकायला बसलेला हा तरुण वक्त्याची विद्या आणि वक्त्याची पद्धत या दोन्हींचे परीक्षण करीत होता.

१८१२ साली विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधील सर हंफ्री डेव्ही यांच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. डेव्ही हे त्या काळचे इंग्लंडमधील सर्वांत गाजलेले रसायनशास्त्रज्ञ. मायकेलने चारही व्याख्यानांची टिपणे केली, आकृत्या काढल्या, ग्रंथ बांधला आणि डिसेंबरात तो डेव्हींना पाठवून विज्ञानाच्या सेवेत कसलेही काम द्यावे अशी विनंती केली. डेव्हींनी त्याला भेटीला बोलावले, पण जागा नव्हती. पुढे प्रयोगशाळेतल्या एका नोकराला मारामारीवरून काढून टाकावे लागले आणि १ मार्च १८१३ रोजी फॅरडेची नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग, माडीवर दोन खोल्या, कोळसा आणि मेणबत्त्या. एका अर्थाने त्याचे विद्यापीठ त्या दिवशी सुरू झाले.

लगेच त्याच साली डेव्ही पतिपत्नी युरोपच्या दौऱ्यावर निघाली. फॅरडे मदतनीस म्हणून गेला. डेव्हींचा खाजगी नोकर ऐन वेळी आला नाही, तेव्हा त्याची कामेही फॅरडेच्या गळ्यात पडली, आणि डेव्हींच्या पत्नीने त्याला नोकराप्रमाणेच वागवले. मानहानी गिळून त्याने दीड वर्षे डोळे उघडे ठेवले. पॅरिसमध्ये नव्यानेच सापडलेल्या आयोडीनची परीक्षा चाललेली पाहिली, फ्लॉरेन्समध्ये सूर्यकिरण एकवटून हिरा जाळताना पाहिला, विद्युत्‌घटमालेचा जनक व्होल्टा यालाही पाहिले. १८१५ च्या एप्रिलमध्ये तो परतला.

परतल्यावर मित्रमंडळींच्या सभेत तो स्वतः व्याख्याने देऊ लागला. १८१८ मधील त्याच्या एका व्याख्यानाचा विषय होता मनाचे जडत्व. स्थिर वस्तू धक्का मिळेपर्यंत स्थिर राहते आणि चालती वस्तू अडवली जाईपर्यंत चालत राहते. मनाचेही तसेच असते. आळसावलेले मन उठत नाही आणि एका समजुतीच्या रुळावर गेलेले मन त्या रुळावरून उतरत नाही, अशी ही कल्पना. पदार्थविज्ञानाच्या धड्यातला नियम स्वतःच्या स्वभावाला लावून पाहणारा असा विद्यार्थी विरळाच.

आता १८३१ कडे येऊ. विजेच्या प्रवाहाने चुंबकसूची हलते हे डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० मध्ये दाखवले होते, आणि प्रवाह वाहणारी तार चुंबकाभोवती सतत फिरत ठेवता येते हे फॅरडेने १८२१ मध्ये दाखवले. मग उलट प्रश्न आला : चुंबकापासून वीज का मिळू नये? युरोपातले मोठमोठे लोक या मागे लागले होते. फॅरडेनेही १८२४, १८२५, १८२८ अशा सालांत प्रयत्न केले आणि हात हालवत परतला. जिनेव्हाचा कोलादों याची हकिकत तर चुटपूट लावणारी आहे. चुंबकाचा सूचीवर परस्पर परिणाम होऊ नये म्हणून त्याने प्रवाहमापक लांब दुसऱ्या खोलीत ठेवला. चुंबक वेटोळ्यात सरकवून तो चालत त्या खोलीत जाई, तेव्हा सूची स्थिर दिसे. वीज निर्माण होऊन नाहीशी झालेली असे.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी फॅरडेने लोखंडाच्या एका कड्यावर दोन बाजूंना तांब्याच्या तारेची वेगवेगळी वेटोळी गुंडाळली. एक बाजू घटमालेला जोडली, दुसरी सूचीकडे नेली. जोडताक्षणी सूची थरथरली आणि पूर्वस्थितीवर आली. जोडणी तोडली, पुन्हा थरथरली. दुसरा एखादा म्हणाला असता की टेबलाला धक्का लागला असेल. सर्वांची अपेक्षा होती की वीज मिळाली तर ती सतत वाहील. अपेक्षा बाजूला ठेवून डोळ्यांपुढे जे घडले ते त्याने लिहून ठेवले. पण लगेच घोषणाही केली नाही. पुढचे काही आठवडे तो वेगवेगळ्या रीतींनी तोच प्रश्न विचारीत राहिला. १७ ऑक्टोबरला नुसता चुंबक वेटोळ्यात आतबाहेर केला आणि प्रवाह मिळाला. तेव्हा उलगडा झाला की वीज चुंबकाच्या असण्यात नाही; ती बदलात आहे, हालचालीत आहे. नोव्हेंबरअखेर रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला.

त्याच्या प्रयोगांच्या रोजनिशीत सोळा हजारांहून अधिक क्रमांकित परिच्छेद आहेत. त्यांत फसलेले प्रयोगही जसेच्या तसे नोंदलेले आहेत. गुरुत्वाकर्षण आणि वीज यांचे नाते असावे असे त्याला मनापासून वाटे. १८४९ पासून त्याने त्यासाठी प्रयोग केले. पुरावा मिळाला नाही, आणि मिळाला नाही असेच त्याने प्रसिद्ध केले. नाते असावे ही भावना मात्र सोडली नाही. भावना आणि पुरावा यांची खाती त्याने अशी स्वतंत्र ठेवली.

मुलांचा शिक्षक म्हणून फॅरडे कसा होता ते आता पाहू. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ पासून नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्यानमाला सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धातील खंड वगळता ती आजतागायत चालू आहे. १८२७ ते १८६० या काळात अशा एकोणीस माला एकट्या फॅरडेने गुंफल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली मेणबत्तीवरची. ती त्याने १८४८ मध्ये आणि पुन्हा १८६० च्या नाताळात दिली. दुसऱ्या वेळची व्याख्याने १८६१ मध्ये विल्यम क्रुक्सने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. सहा व्याख्याने आणि विषय एक मेणबत्ती!

पण ती मेणबत्ती तो कशी उलगडतो पाहा. प्रथम प्रश्न : जळते ते काय, वात की मेण? मेण तर घट्ट आहे. ते वितळून खाली वाटीसारख्या खळग्यात साठते. पण खालून वर वातीच्या टोकाला कसे जाते? तो मिठाचा उभा ढीग बशीत ठेवतो, तळाशी रंगीत पाणी ओततो आणि पाणी मिठातून वर चढताना मुलांना दाखवतो. बरे, वर गेलेले मेण द्रवरूपातच जळते काय? तो वाकवलेली काचेची नळी ज्योतीच्या मधल्या काळसर भागात धरतो. दुसऱ्या टोकातून पांढरट वाफ येऊ लागते, आणि त्या टोकाला काडी लावताच तिथे दुसरी ज्योत पेटते. मेणबत्ती फुंकून टाकल्यावर निघणाऱ्या धुरापाशी, वातीपासून दोनतीन इंच दूर, पेटती काडी नेली की ज्योत धुरावरून धावत वातीवर येते. म्हणजे जळते ती वाफ. ज्योतीत कागद आडवा धरला तर मध्ये कोरा राहून भोवती करपलेले कडे उमटते; म्हणजे उष्णता मध्यभागी नाही, हवा आणि वाफ जिथे भेटतात तिथे आहे.

पुढे ज्योतीवर तो बर्फ भरलेले भांडे धरतो. भांड्याच्या बुडाला पाण्याचे थेंब जमतात. आगीतून पाणी! हे पाणी आले कोठून? तेलाचा दिवा, गॅसचा दिवा, सगळ्यांच्या ज्योतींतून तेच पाणी मिळते हे तो दाखवतो, आणि मग ते पाणी फोडून त्यात काय आहे ते पाहतो. ज्योतीवरची हवा चुन्याच्या निवळीतून नेली की निवळी दुधासारखी होते. शेवटी तो आपला उच्छ्वास त्याच निवळीत सोडतो. ती तशीच दुधाळ होते. मुलांपुढे असा निष्कर्ष उभा राहतो की आपल्या देहातही एक मंद मेणबत्ती जळते आहे. हा निष्कर्ष कोणी फळ्यावर लिहून दिलेला नाही. पायरीपायरीने चढून मुले तिथे पोचली आहेत, आणि कोणतीही पायरी निसटती वाटली तर मागे वळून ती तपासण्याची त्यांना मोकळीक आहे.

याला आपण आज विचारकौशल्याचे शिक्षण म्हणू. त्याला लागणारे सामान पाहा : मेणबत्ती, मीठ, कागद, बर्फ, चुना, काचेची नळी. त्याखेरीज लागतो तो प्रश्नांचा क्रम, आणि उत्तर सांगून टाकण्याचा मोह आवरणारा शिक्षक.

विचार करण्याची सवय नसली तर शिकलेल्या माणसांचेही काय होते, हे फॅरडेला १८५३ साली दिसले. त्या वर्षी इंग्लंडभर टेबल फिरवण्याचे वेड पसरले होते. चारसहा जण टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवीत आणि थोड्या वेळाने टेबल फिरू लागे. कोणी म्हणे ही वीज आहे, कोणी म्हणे चुंबकशक्ती, कोणी म्हणे पृथ्वीच्या भ्रमणाचा परिणाम, तर कोणी सैतानाचे नाव घेई. फॅरडेने कोणाची टिंगल केली नाही. बसणारे लोक सचोटीचे आहेत आणि आपण टेबल ढकलत नाही असे त्यांना खरोखरच वाटते, हे त्याने धरून चालले. मग गुळगुळीत पुठ्ठ्याचे चारपाच तुकडे मऊ लुकणाच्या गोळ्यांनी एकावर एक चिकटवून ते टेबलावर ठेवले आणि त्यांवर हात ठेवायला सांगितले. टेबलच आपण होऊन फिरत असेल तर खालचे पुठ्ठे आधी सरकतील आणि वरचे मागे राहतील. हात ढकलत असतील तर वरचे आधी सरकतील. वरचे आधी सरकले होते. नंतर हातांचा दाब दाखवणारी एक काटी त्याने बसवली. काटी डोळ्यांसमोर ठेवली तेव्हा टेबल फिरेनासे झाले. ती झाकली की पुन्हा फिरू लागले. म्हणजे हातच ढकलत होते, पण मनाला नकळत.

आपल्याकडे वसतिगृहांतून रात्री प्लँचेट करतात, वाटी अक्षरांवरून सरकते आणि सगळे शपथेवर सांगतात की कोणीच ढकलली नाही. ते खोटे बोलत नसतात. फॅरडेचे टेबल आणि आपली वाटी यांच्या मागचे कारण एकच आहे.

या प्रकरणावर त्याने वर्तमानपत्रात लिहिले, त्यात त्याचा रोख टेबलांवर नव्हता. ज्या शिक्षणाने समाजाचे मन असे ठेवले त्या शिक्षणावर होता. पुढल्या वर्षी, मे १८५४ मध्ये, राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट अध्यक्षस्थानी असताना त्याने मनाच्या शिक्षणावर व्याख्यान दिले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे होते. आपली इंद्रिये आपल्याला फसवतात त्याहून अधिक आपली निर्णयशक्ती फसवते. जे खरे असावे असे आपल्याला वाटते त्याच्या बाजूचा पुरावा आपण चटकन उचलतो आणि विरुद्धचा दूर सारतो. म्हणून स्वतःच्या आवडीविरुद्ध उभे राहण्याचा सराव हवा, कल्पना स्पष्ट हव्यात, आणि पुरावा अपुरा असेल तेथे निर्णय लांबणीवर टाकण्याची ताकद हवी. ही शिस्त नम्रतेतून येते आणि ती प्रत्येकाने स्वतःलाच लावायची असते.

१८६१ साली ईटन, हॅरो, रग्बी अशा नऊ नामांकित शाळांची चौकशी करण्यासाठी सरकारने आयोग नेमला. तेथे मुख्यत्वे लॅटिन आणि ग्रीक शिकवीत. नोव्हेंबर १८६२ मध्ये एकाहत्तर वर्षांच्या फॅरडेची साक्ष झाली. उत्तम भाषापंडितही आपल्याकडे निसर्गाविषयी भलत्याच कल्पना घेऊन येतात. त्यांना बुद्धी कमी नसते, पण त्या क्षेत्रात ती चालवण्याचा सराव नसतो, आणि आपण अज्ञानी आहोत याचेही त्यांना ज्ञान नसते, असे त्याने सांगितले. आणि मुलांना हे झेपेल काय? त्याच्या अनुभवात असा मुलगाच नव्हता ज्याला साध्या शब्दांत सांगितल्यावर प्रयोगाचे मर्म कळले नाही आणि त्यात गोडी वाटली नाही. ज्याला कोणीही शाळेत मनापासून शिकवले नव्हते, तो धनिकांच्या शाळांना शिकवण्याची रीत सांगत होता! १८६४ च्या अहवालात या शाळांतून निसर्गविज्ञान शिकवावे अशी शिफारस आली.

फॅरडेच्या मार्गालाही मर्यादा आहे, ती लपवणे त्याला आवडले नसते. त्याला उच्च गणित येत नव्हते. चुंबकाभोवती बलरेषा असतात ही त्याची कल्पना गणिताच्या भाषेत मांडायला जेम्स क्लार्क मॅक्सवेलसारखा विद्यापीठात शिकलेला गणितज्ञ यावा लागला. तेव्हा पाठांतर नको, सूत्रे नकोत, सारे काही मुलांनी स्वतःच शोधावे, असा अर्थ कोणी काढू नये. शिवाय एका वर्गात साठ-सत्तर मुले आणि डोक्यावर पोर्शन संपवण्याची टांगती तलवार असलेल्या शिक्षकाला दोष देणे सोपे आहे. परंतु प्रयोगशाळेचे कपाट कुलपात असले तरी मेणबत्ती कोणाच्याही घरात असते. वहीत अनुमान लिहिण्यापूर्वी, तुला काय दिसले आणि त्यावरून तू हे कशावरून म्हणतोस, असे दोन प्रश्न विचारायला अनुदान लागत नाही. ते न विचारता दहा वर्षे गेली तर मुलगा विज्ञानात गुण मिळवतो आणि बाहेर पडून कोणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवतो. पाठ केलेले अनुमान परीक्षेपुरते टिकते. अनुमान काढायची सवय मतदान करताना, औषध घेताना, वर्तमानपत्र वाचताना, कोणी जमाव चेतवीत असताना उपयोगी पडते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तर तिची गरज अधिक, कारण अडल्यावर विचारायला त्याच्या घरात शिकलेले कोणी नसते.

आपण इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, मराठी वाङ्मय शिकणारे. आपल्या विषयांतही मत आधी ठरते आणि पुरावा मागाहून गोळा केला जातो, हे आपण वादविवाद स्पर्धांतून पाहतोच. सूची जोडताक्षणी हलली, मग थांबली, एवढेच आज लिहून ठेवू आणि निर्णय उद्यावर ठेवू, हे धैर्य आपल्यालाही हवे आहे.

फॅरडेचे अखेरचे दिवस स्मृतिभ्रंशाशी झगडण्यात गेले. त्याने सर ही पदवी घेतली नाही, रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद नाकारले. १८५८ मध्ये राणीने हँपटन कोर्ट येथे राहायला घर दिले. पत्नी सारा शेवटपर्यंत सोबत होती. त्यांना मूलबाळ नव्हते. स्मृती दगा देते आहे हे ओळखून त्याने १८६१ मध्ये नाताळची व्याख्याने आपण होऊन सोडली. स्वतःविषयीचा पुरावाही त्याने नाकारला नाही. २५ ऑगस्ट १८६७ रोजी तो आरामखुर्चीत बसल्या बसल्या निवर्तला. हायगेटच्या दफनभूमीत त्याच्या थडग्यावर नाव आणि जन्ममृत्यूच्या तारखांखेरीज काहीही कोरलेले नाही.

ज्या व्याख्यानगृहाच्या बाकावर टिपणे करणारा बांधणीवाला तिकीट काढून नव्हे, दुसऱ्याच्या कृपेने बसला होता, त्याच गृहात आजही दर नाताळात मुले जमतात आणि त्यांच्यापुढे प्रयोग होतात. पुढच्या वेळी वीज जाईल आणि घरात मेणबत्ती लागेल, तेव्हा धाकट्या भावंडांना जवळ बोलवावे, मेणबत्ती फुंकावी आणि धुराजवळ पेटती काडी न्यावी. ज्योत उडी मारून वातीवर येईल. मग काय झाले हे त्यांना सांगू नये. विचारावे.